दूरदेशींचें घर आणि त्याचा कारभारी

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं घर बांधणारा गृहस्थ त्याच घरांत राहात असे, आणि भिंतीला तडा गेला तर तो त्याला सकाळीं दात घासतांनाच दिसत असे. आतां काळ पालटला आहे. आमच्या मराठवाड्यांतील मुलें पुण्यामुंबईस जाऊन थांबत नाहींत. तीं दुबईस, सिंगापुरास, अमेरिकेस जातात, तेथें घरें घेतात, आणि पुढें नोकरी बदलली किंवा आईवडिलांचें वय झालें म्हणजे घर तिकडे ठेवून स्वतः इकडे येतात. मग त्या घराचें काय करावें, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या म्हणीला आतां एक तिसरा चरण जोडावा असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे : ‘घर पाहावें दुसऱ्याच्या हातीं सोपवून.’

हा प्रश्न गेल्या दिवाळींत आमच्याच ओसरीवर आला. आमचें कुटुंब गंगाखेडचें. गोदावरीपासून हांकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा आहे. आम्ही तिघे भाऊ. थोरले, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, ते कुटुंबाचे कर्ते. मी मधला, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला. धाकटा परभणीस एका बँकेंत होता, तोहि आतां निवृत्त झाला आहे. दादांचा मुलगा अकरा वर्षें दुबईस नोकरीला आहे. सहा वर्षांपूर्वीं त्यानें तेथें एका शयनगृहाचा फ्लॅट घेतला. त्यासाठीं काढलेलें कर्ज अजून बरेंचसें बाकी आहे. आतां तो पुण्यास परत येणार. पाडव्याच्या दिवशीं जेवणें झाल्यावर त्यानें आपला बेत सर्वांपुढें मांडला. फ्लॅट विकायचा नाहीं. सुट्टी घालविण्यासाठीं जे प्रवासी दुबईस येतात त्यांना तो रात्रीच्या हिशेबानें भाड्यानें द्यायचा, आणि सर्व व्यवस्था तेथील एका कंपनीकडे सोपवायची.

“काका, ते लोक फक्त वीस टक्के घेतात. बाकीचे ऐंशी आपले. आपल्याला बोटसुद्धां हलवायला नको,” तो म्हणाला.

आणि मग ज्यासाठीं ही सारी प्रस्तावना होती तें वाक्य आलें. गेल्या वर्षीं आम्हीं जें शेत विकलें त्याची रक्कम बँकेंत पडून आहे. तिच्यांतून फ्लॅटचें कर्ज फेडावें, म्हणजे भाड्याचें उत्पन्न पुढें सर्व कुटुंबाला येत राहील.

कोणी कांहीं बोललें नाहीं. तें शेत आजोबांनीं घेतलेलें. त्या रकमेंत आम्हां तिघां भावांप्रमाणें दोघी बहिणींचाहि वांटा आहे. दादांना मुलाला ‘नाहीं’ म्हणवेना आणि भावाबहिणींना ‘द्या’ म्हणवेना. अखेरीस वहिनींनीं तोंड उघडलें. चाळीस वर्षें या वाड्याच्या कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आहेत. त्यांनीं मुलाला एवढेंच विचारलें, “अरे, पण तिथें चादरी कोण मोजणार?”

सगळे हंसले. दादा मात्र हंसले नाहींत. माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तूं जन्मभर संस्कृत शिकवलेंस, तरी हा हिशेब तूंच कर. मुलगा माझा आहे, तेव्हां मी केलेला हिशेब कोणाला पटणार नाहीं.”

पुतण्यानें पाठविलेले कागद आणि धाकट्या भावाचा बँकेंतील अनुभव यांच्या साहाय्यानें मीं दोन महिने हें काम केलें. आज आपल्यापैकीं कित्येक घरांतील मुलांचीं घरें परदेशीं आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून त्यांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम कारभाऱ्याची बाजू सांगितली पाहिजे, कारण त्याचा मेहनताना फुकटचा आहे अशी माझी समजूत नाहीं. घर महिनोगणती एकाच भाडेकरूला देणें आणि दर तिसऱ्या दिवशीं नव्या पाहुण्याला देणें, या दोहोंत घरगुती खानावळ आणि लग्नाची पंगत यांच्याइतकें अंतर आहे. पाहुणा मध्यरात्रीच्या विमानानें येतो, त्याला किल्ली द्यावी लागते. तो गेला कीं दुसरा येण्याच्या आंत घर झाडून, पुसून, चादरी बदलून तयार ठेवावें लागतें. छायाचित्रें काढून घराची जाहिरात करणें, मोसमाप्रमाणें भाडें चढविणें-उतरविणें, गरम पाणी येत नाहीं अशी तक्रार रात्रीं अकरा वाजतां ऐकून घेणें, हीं सर्व कामें त्याचींच. शिवाय सरकारी बंधनें आहेत. दुबईंत परदेशीयांना ठराविक भागांत घराची पूर्ण मालकी घेण्याची मुभा २००२ सालीं मिळाली आणि २००६ च्या कायद्यानें ती पक्की झाली. परंतु तें घर प्रवाशांना देण्याच्या धंद्यावर २०१३ च्या हुकुमान्वयें तेथील पर्यटन खात्याचें नियंत्रण आहे. परवाना घ्यावा लागतो, पाहुण्यांची नोंद ठेवावी लागते, आणि दर शयनगृहामागें दर रात्रीं, घराच्या दर्जाप्रमाणें, दहा किंवा पंधरा दिरहमचा ‘टुरिझम दिरहम’ पाहुण्याकडून वसूल करून सरकारांत भरावा लागतो. गंगाखेडांत बसून हें कोणाला साधणार? तेव्हां कारभारी हवा, हें खरें. प्रश्न आहे तो इतकाच कीं, तो नेमका केवढ्याला पडतो.

दुबईंत अशा कारभाऱ्याचा दर साधारणपणें शेंकडा पंधरा ते पंचवीस असतो. युरोप-अमेरिकेंतील समुद्रकांठच्या गांवीं तो तीसपर्यंतहि जातो. पण शेंकडा किती, या प्रश्नाआधीं विचारण्याचा प्रश्न निराळा आहे : शेंकडा कशाचे? विद्यार्थ्यांना समास सोडवितांना मी नेहमीं सांगत असें कीं, आधीं विग्रह करा, अर्थ आपोआप उलगडेल. ‘वीस टक्के’ या पदाचा विग्रह केला म्हणजे असें दिसतें कीं, हे वीस टक्के घराच्या निव्वळ प्राप्तीचे नसून पाहुण्यानें दिलेल्या एकूण भाड्याचे असतात. खर्च मात्र सारा मालकाच्या उरलेल्या ऐंशींतून जातो. म्हणजे कारभाऱ्याचें पान आधीं वाढलें जातें, आणि मालकाचें पान सर्व पंगत उठल्यावर.

हें समजण्यासाठीं मीं ढोबळ आंकडे धरले. ते प्रत्येक घरीं निराळे येतील. पण हिशेबाची रीत तीच राहील. एका रात्रीचें भाडें सरासरी ४०० दिरहम धरूं. दुबईंत नोव्हेंबर ते मार्च हा प्रवाशांचा मोसम. उन्हाळ्यांत तेथील ऊन आपल्या परभणीच्या मे महिन्यालाहि लाजवितें आणि घरें ओस पडतात. तेव्हां वर्षाच्या ३६५ रात्रींपैकीं २२० रात्री घर भरलें असें मानूं. सफाईचा खर्च पाहुण्याकडूनच निराळा वसूल होतो असें समजून तो सोडून दिला आहे.

एकूण जमा : ८८,००० दिरहम.
जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळाची दलाली, शेंकडा १५ : १३,२००.
कारभाऱ्याचे शेंकडा २०, आणि त्यावर तेथील ५ टक्के व्हॅट : १८,४८०.
वीज, पाणी, थंड हवा, इंटरनेट (प्रवासी घरांत हा खर्च मालकाचा) : १०,८००.
इमारतीचा देखभाल आकार, ७०० चौरस फुटांस १६ प्रमाणें : ११,२००.
परवाना, विमा, किरकोळ दुरुस्ती, चादरी, भांडीकुंडी : ६,०००.
सामानाची झीज (४०,००० चें सामान पांच वर्षें टिकेल असें धरून) : ८,०००.
शिल्लक : २०,३२० दिरहम.

कारभाऱ्याला १८,४८० आणि मालकाला २०,३२०! कारभारी नसता तर मालकाच्या हातीं ३८,८०० राहिले असते. त्यांतले १८,४८० म्हणजे शेंकडा ४७ हून अधिक. ज्याला आपण रुपयांत सव्वातीन आणे समजत होतों, तो दर खऱ्या प्राप्तीवर मोजला असतां साडेसात आण्यांवर जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. वरच्या यादींतील शेवटल्या चार बाबी मिळून ३६,००० होतात, आणि घर रिकामें राहिलें तरी त्या फारशा घटत नाहींत. दर रात्रीच्या ४०० पैकीं ६० दलालींत आणि ८४ कारभाऱ्याकडे गेल्यावर मालकाकडे २५६ येतात. याचा अर्थ, वर्षांतील पहिल्या १४१ रात्री मालक केवळ खर्च भरून काढतो. एखादें वर्ष वाईट गेलें, आणि साथरोगानें २०२० सालीं तसें वर्ष साऱ्या जगाला दाखविलें आहे, व घर १५० रात्रीच भरलें, तर मालकाला उरतात २,४०० आणि कारभाऱ्याला मिळतात १२,६००. यांत कारभाऱ्याची लबाडी मुळींच नाहीं. करारच तसा आहे. त्याचा वांटा जमेंत आहे, आपला वांटा शिलकेंत आहे. त्यामुळें भाडें उतरवून का होईना, रात्री भरत ठेवण्यांत त्याचें हित असतें; आपलें हित दर वेळीं तेंच असेल असें नाहीं.

आतां हाच फ्लॅट सामानासह एखाद्या नोकरदार कुटुंबाला वर्षाच्या करारानें ६०,००० ला दिला असें धरा. वीज-पाणी भाडेकरूचें. देखभाल आकार ११,२००, भाडें वसूल करून देणाऱ्याचे शेंकडा ५ व्हॅटसह ३,१५०, दुरुस्ती ३,०००, सामानाची झीज २,०००. शिल्लक ४०,६५०, म्हणजे पाहुण्यांच्या मार्गानें मिळणाऱ्या रकमेच्या अगदीं दुप्पट. पाहुण्यांचा मार्ग याच्या बरोबरीला यायला वर्षांत ३०० रात्री भराव्या लागतात. अर्थात् ज्या घराचें रात्रीचें भाडें याहून बरेंच अधिक येतें, जसें समुद्रकांठचें किंवा प्रसिद्ध मनोऱ्याजवळचें, तेथें निकाल उलट लागूं शकेल. म्हणून आपल्या घराचे आंकडे स्वतः मांडून पाहावेत, आणि रात्रींची संख्या कारभाऱ्याच्या पत्रकांतून न घेतां शेजारच्या मालकाला विचारून घ्यावी.

इथपर्यंत झाला तो दिसणारा खर्च. वहिनींचा प्रश्न मात्र न दिसणाऱ्या खर्चाचा होता. तो समजायला मला आमच्या आजोबांपाशीं जावें लागलें.

आमचा परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. राज्यांतील कित्येक जागीरदार स्वतः हैदराबादेस राहात आणि गांवचा कारभार नायब-गुमास्ते पाहात. आजोबा अशाच एका जागिरींत गुमास्ते होते. १९४९ सालीं जागिरी खालसा झाल्या तोंवर त्यांनीं ती चाकरी केली. दूरच्या मालकाचें घर जवळचा चाकर कसा चालवतो, हें त्यांनीं आंतून पाहिलेलें होतें. ते सांगत कीं, वसुलांत कोणी हात घालीत नसे, कारण वसूल कागदावर असे. जें जाई तें खर्चांतून जाई. विहिरीचा गाळ काढणें, वाड्याचें छप्पर शाकारणें, गड्यांची मजुरी. काम दहाचें आणि नोंद पंधराची. मालक वर्षाकाठीं एकदां तरी येऊन गेला कीं त्या वर्षीं छप्पर कमी गळे, असें ते गंभीरपणें म्हणत. स्वतः त्यांनीं रोजकीर्दीबरोबर एक निराळी वही ठेविली होती. तींत प्रत्येक खर्चापुढें ज्याच्या हातीं पैसे दिले त्याचें नांव आणि सही किंवा अंगठा असे. “मालकाचा विश्वास हा माझ्यावर बोजा आहे, ही वही तो बोजा हलका करते,” असें त्यांचें म्हणणें होतें.

आपल्या पूर्वजांना हा रोग चांगला ठाऊक होता. कौटिल्यानें राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार गणले आहेत, आणि कोणत्याहि खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत व ते कायमचे नसावेत, असा उपाय सांगितला आहे. पेशवाईंत मामलेदाराबरोबर दिवाण, मजुमदार, फडणीस वगैरे दरकदार असत. त्यांना मामलेदारानें काढतां येत नसे, आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. इतकें करूनहि मामलेदाराची जी चोरटी प्राप्ति होई तिला ‘अंतस्थ’ असें नांवच पडून गेलें होतें. आजच्या कारभाऱ्याचा अंतस्थ कोणता? तो ज्याच्याकडून नळ दुरुस्त करवितो, चादरी धुववितो, पडदे बदलवितो, त्या बिलांत त्याची स्वतःची भर असूं शकते. कांहीं कंपन्या ती करारांत उघड लिहितात, आणि तें प्रामाणिकपणाचें आहे. कांहीं लिहीत नाहींत. वर्षाकाठीं चार चादरी ‘पाहुण्यांनीं खराब केल्या’ म्हणून नव्या आल्या, तर त्या खरोखर खराब झाल्या कीं नाहीं हें दोन हजार किलोमीटरांवरून कोण पाहणार? वहिनी विचारीत होत्या तें हेंच. कोठी दुसऱ्याच्या हातीं देतां येते. कोठीवरची नजर देतां येत नाहीं. ती नजर ठेवायला वर्षांतून एकदां जायचें तर विमानाचें भाडें, चार दिवसांचा मुक्काम, मुलाची रजा, हा सर्व खर्च त्याच घराच्या नांवें मांडला पाहिजे.

कारभार सोपविण्याचा दुसराहि एक प्रकार आहे. आपल्याकडे जमाबंदींत ‘अमानी’ आणि ‘मक्ता’ असे दोन शब्द होते. अमानींत जितकें येईल तितकें मालकाचें. मक्त्यांत मक्तेदारानें ठराविक रक्कम द्यायची आणि वरचा नफानुकसान त्याचा. टक्केवारीचा कारभारी ही अमानी झाली. कांहीं कंपन्या मालकाला वर्षाची ठराविक रक्कम देऊन घर स्वतः चालवितात, तो मक्ता. मक्त्यांत मालकाला झोंप चांगली लागते. परंतु मक्तेदाराला आपल्या मुदतीपुरतेंच घराचें प्रेम असतें. मुदत संपल्यावर भिंती, सामान आणि नळ कोणत्या स्थितींत परत मिळावयाचे, हें आधींच यादीवार लिहून घ्यावें.

आतां आपल्या इकडील कायद्याचा भाग. तो एकत्र कुटुंबांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे, कारण आमचा अर्धा वाद येथेंच मिटला. परदेशीं असतांना तेथील कमाईनें घेतलेलें घर परत आल्यावरहि स्वतःकडे ठेवण्याची मुभा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानें आहे. तेव्हां पुतण्याच्या मालकीला बाध नाहीं. पण येथून तिकडे पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेची २००४ सालीं सुरू झालेली योजना लागते. तिच्याखालीं एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम पाठवितां येते. ‘व्यक्तीला’ हा शब्द महत्त्वाचा. ही योजना एकत्र हिंदु कुटुंबाला, कुटुंब या नात्यानें, उपलब्ध नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं पैसे घातले त्यांना त्या घरांत वांटा हवा असेल, तर त्यांचीं नांवें मालक म्हणून लागलीं पाहिजेत. नाहींतर ती रक्कम पुतण्याला दिलेली देणगी ठरते. म्हणजे ‘उत्पन्न कुटुंबाला येत राहील’ या वाक्याला कागदावर कांहींच आधार नव्हता, केवळ मुलाच्या शब्दाचा होता. मुलाचा शब्द सोन्यासारखा आहे. पण त्याच्या मुलांना आणि आमच्या नातवंडांना तो ऐकलेला नसणार.

शिवाय अशा गुंतवणुकीसाठीं किंवा देणगीसाठीं वर्षांत दहा लक्ष रुपयांवर जी रक्कम पाठवावी तिच्यावर बँक शेंकडा वीस कर आधींच कापून घेते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा सातांवरून दहा लक्षांवर आली. हा कर पुढें विवरणपत्रांत वळता होतो, परंतु तोंवर पैसा अडकून राहतो. दुबईंत व्यक्तीच्या भाड्यावर प्राप्तिकर नाहीं, म्हणून इकडेहि नाहीं, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. येथील पूर्ण रहिवाश्याला जगांत कोठेंहि झालेली प्राप्ति येथें दाखवावी लागते. परदेशांतून नुकत्याच परतलेल्यांना पहिलीं दोनतीन वर्षें कांहीं सवलत मिळूं शकते. ती सरल्यावर परदेशांतील घर विवरणपत्रांत नमूद केलें नाहीं, तर २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखालीं दहा लक्ष रुपये दंड होऊं शकतो. तेव्हां चांगल्या हिशेबनिसाची फी हीहि कारभाराच्या खर्चांतच धरावी.

दुबईबाहेर घर असलेल्यांनीं आणखी एक धोका ध्यानांत ठेवावा : प्रवाशांना घर देण्याचा हक्कच एखादे दिवशीं आखडला जातो. लंडनमध्यें राहतें घर वर्षांत ९० रात्रींहून अधिक असें द्यावयाचें तर खास परवानगी लागते. न्यूयॉर्क शहरानें २०२३ च्या सप्टेंबरपासून कडक नोंदणी लावली. बार्सिलोना शहरानें २०२४ सालीं जाहीर केलें कीं, प्रवासी फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत बंद करावयाचे. जवळचेंच पाहावयाचें तर गोव्यांत १९८२ च्या कायद्याप्रमाणें अशा घरांची पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. कारभाऱ्याचा करार तीन वर्षांचा असेल आणि नियम दुसऱ्या वर्षीं बदलला, तर करार सोडविण्याचा दंड कोणावर, हें कलम वाचल्याशिवाय सही करूं नये. ज्यांचीं घरें गोव्यांत किंवा दापोली-गुहागरकडे आहेत त्यांनीं वरचाच जमाखर्च रुपयांत मांडून पाहावा. तिकडे उन्हाळ्याऐवजीं पावसाळा घर ओस पाडतो आणि दमटपणा सामान खातो, एवढाच फरक.

ज्यांना कारभारी नेमणें प्राप्तच आहे त्यांच्यासाठीं मीं पांच प्रश्न काढले. पहिला, तुमचे टक्के एकूण भाड्यावर, कीं संकेतस्थळाची दलाली वजा जातां उरणाऱ्या रकमेवर? वरच्या उदाहरणांत एवढ्या एका शब्दानें वर्षाला २,७७२ दिरहम वांचतात. दुसरा, मला न विचारतां तुम्ही किती रकमेपर्यंत दुरुस्ती करणार, आणि मूळ बिल मला मिळेल काय? तिसरा, पाहुण्याचे पैसे आधीं कोणाच्या खात्यांत जमा होतात, आणि माझ्याकडे किती दिवसांत येतात? चौथा, मला स्वतःच्या घरांत राहावयाचें झाल्यास वर्षांत किती दिवस मिळतील, आणि त्याबद्दल तुम्ही कांहीं आकारणार काय? पांचवा, करार मध्येंच मोडला तर काय? आणि मुखत्यारपत्र द्यावेंच लागलें तर तें ठराविक कामापुरतें द्यावें. विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यांत चुकूनहि येऊं देऊं नये.

संक्रांतीला पुतण्या आला तेव्हां मीं हे कागद त्याच्यापुढें ठेवले. त्यानें ते दोनदां वाचले. “काका, तुम्हांला माझ्यावर विश्वास नाहीं,” तो म्हणाला, आणि दोन दिवस माझ्याशीं धड बोलला नाहीं. मलाहि वाईट वाटलें. ज्याला कडेवर घेऊन गोदावरीवर नेलें त्याच्या बेतावर लाल शाईची रेघ ओढणें सुखाचें नसतें. तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन त्या कंपनीला पांचहि प्रश्न लिहून पाठविले. चारांचीं उत्तरें आलीं. बिलांबद्दलच्या प्रश्नाचें उत्तर तीन वेळां विचारूनहि आलें नाहीं. मग त्यानेंच ठरविलें कीं, तूर्त एक वर्ष फ्लॅट नोकरदार कुटुंबाला द्यावा. भाड्यांतून हप्त्याचा मोठा भाग निघतो. उरलेला तो आपल्या पगारांतून भरणार आहे. शेताच्या रकमेचे वांटे दादांनीं बहिणींसह सर्वांच्या नांवें करून टाकले. “आतां ज्याला द्यायचे असतील त्यानें आपले द्यावेत,” एवढेंच ते म्हणाले. माझ्या वांट्यांतील कांहीं रक्कम पुतण्याला उसनी देऊं केली. त्यानें ती घेतली नाहीं, पण त्या दिवसापासून तो पूर्वीसारखा बोलूं लागला.

गेल्या महिन्यांत तो घर भाडेकरूच्या ताब्यांत देण्यासाठीं दुबईस गेला होता. सामानाची यादी करून, एकेक वस्तु पलंगावर मांडून, त्यानें तिचें छायाचित्र आईला मोबाइलवर पाठविलें. यादींत पहिली ओळ होती : चादरी आठ, अभ्रे आठ. वहिनींनीं चष्मा लावला, चित्र जवळ घेऊन बराच वेळ पाहिलें, आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, त्याला कळवा. अभ्रे सातच दिसताहेत.”